अंगठ्याखालचं नाव

सुरुवातीलाच माफी मागतो. अण्णांवर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. शाळेत माझ्याकडं रंगपेटी नव्हती, म्हणून चित्रकलेच्या तासाला गुरुजी मला सगळ्यांसाठी पाणी आणायला पाठवायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेत प्रश्नाखाली उत्तर लिहिणं एवढंच मला ठाऊक. अण्णांशी वीस-वीस वर्षं भांडलेली, त्यांचं लिखाण वाचून जेवण न गेलेली मोठी माणसं कोल्हापुरात आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी लिहील म्हणून मी वाट बघितली. कुणी लिहिलं नाही. म्हणून हे धाडस. काही चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

अण्णा चित्र कसं बघायचे ते आधी सांगतो. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरले की ते एखाद्या चित्रासमोर जाऊन उभे राहायचे आणि उलट्या पावलांनी मागं यायला लागायचे. मागं कोण आहे, खुर्ची आहे की चहाचा ट्रे घेतलेला माणूस आहे, याची फिकीर नाही. पाठ भिंतीला टेकली की थांबायचे. मग उजवा हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा धरायचा. नवख्याला वाटायचं, हे चित्रकार असावेत, माप घेताहेत. माप वगैरे काही नसायचं. त्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. ती अंगठ्याखाली झाकली गेली की मग ते दोन्ही डोळे उघडायचे आणि बघायला लागायचे.

माझी त्यांची भेट अशाच एका हॉलमध्ये झाली. एकोणीसशे नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी कुरुंदवाडजवळच्या आमच्या गावातून बी.ए.ला कोल्हापुरात आलो होतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची, खोलीत पंखा नव्हता, आणि प्रदर्शनाच्या हॉलला तिकीट नव्हतं. मी आत जाऊन एका चित्राशेजारची चिठ्ठी वाचत होतो, तेवढ्यात पाठीवर कुणीतरी आदळलं.

"ती चिठ्ठी कशाला वाचताय, पावणं? चित्र हिकडं हाय."

मी घाबरून म्हणालो, "मला कळत नाही यातलं. कुणाचं आहे ते बघत होतो."

"कुणाचं म्हंजे? बघतंय कोण?"

"मी."

"मग तुमचंच की!"

एवढं बोलून ते पुढच्या चित्राकडं गेले आणि पुन्हा उलटे चालायला लागले. उंच, वाळलेले, पांढरा हाफ शर्ट, खिशात ऑफिसचं निळं पेन. मला तो माणूस खुळा वाटला. पण पुढच्या रविवारी मी परत गेलो.

त्यांनी मला नाव विचारलं नाही. हे ज्याला साधं वाटेल त्यानं कोल्हापुरात खोली शोधलेली नसणार. मी ज्या ज्या दारात उभा राहिलो तिथं पहिला प्रश्न "गाव कुठलं?" आणि दुसरा "आडनाव काय?" आडनाव सांगितलं की घरमालकाच्या भावाचा मुलगा पुण्याहून यायचा असायचा आणि खोली त्याच्यासाठी ठेवलेली असायची. आमची आजोबांच्या पिढीतच दीक्षा झाली, घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. हे सगळं माझ्या आडनावातून त्या माणसांना दिसायचं. अण्णांना ते बघायचंच नव्हतं. वर्षानुवर्षं मी त्यांच्यासाठी "पावणं" राहिलो. त्यांचं पूर्ण नावही मला माहीत नव्हतं. सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचो. ज्याला माझं नाव लागत नाही असा एक माणूस शहरात आहे, याचा मला किती आधार होता ते मी त्यांना कधी सांगू शकलो नाही.

अण्णा एका सरकारी कचेरीत कारकून होते. जमिनीचे नकाशे आणि उतारे सांभाळायचं काम. आणि त्यांचं ठाम मत असं, की सरकार नसावं. हे सरकार नको, ते आणा, असं नव्हे, कुठलंच नको. कुणी कुणावर राज्य करू नये. कचेरीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर हे ते मोठ्यानं सांगायचे आणि शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे त्यांची थट्टा करायचे.

"अण्णा, सरकार नको म्हणताय, मग एक तारखेला पगाराच्या रांगेत पयलं कोण असतंय ओ?"

"चोराच्या घरात जेवतोय म्हणा की. त्याचं तेवढंच कमी हुईल."

"आणि चोरानं उद्या हाकलून दिलं तर?"

"तर माझं काय जाणार? त्याला उतारे शोधायला माणूस मिळायचा न्हाय."

हे मात्र खरं होतं. त्यांच्यासारखा नेटका कारकून त्या कचेरीत दुसरा नव्हता, असं त्यांची चेष्टा करणारेच सांगायचे. आपलं मत आणि आपली नोकरी यांचा मेळ ते कसा घालत, हे मी एकदा भीत भीत विचारलं. तेव्हा त्यांनी मला पॅरिसच्या एका कारकुनाची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस. दिवसा युद्धखात्यात फायली लिहायचा, एरवी चित्रांवर लिहायचा, आणि राज्य कुणाचंच नको म्हणणाऱ्यांतला होता. त्याच्यावर खटलासुद्धा झाला. त्याचा एक चित्रकार मित्र ऐन तरुणपणात वारला, तेव्हा त्या मित्राची चित्रं या कारकुनानं जन्मभर जपली. अण्णांनी त्याच्याबद्दल एका जुन्या इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. त्याचं नाव मी विचारलं तर हसून म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसलाय? माणूस ध्यानात ठेवा."

अण्णा लिहायचे ते इथल्याच एका दैनिकात, आणि तेही निनावी. प्रदर्शन लागलं की आतल्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातींच्या वर, चार-सहा ओळी यायच्या. एका नावाजलेल्या निसर्गचित्रकाराबद्दल त्यांनी लिहिलं होतं: "ऊन फार आहे. चित्रात कुणाला घाम मात्र आलेला नाही." दुसऱ्या एकाबद्दल: "पन्हाळ्याची बरीच चित्रं आहेत. पन्हाळा एकच बरा होता." हे लिहिणारा कोण ते सगळ्या शहराला ठाऊक होतं आणि कागदावर कुठंही नव्हतं. नोकरीची भीती म्हणून नाव देत नाही, असं काही लोक म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "सही म्हंजे कुंपण. शेताला कुंपण घातलं की राज्य सुरू झालं. चित्राला घातलं की बाजार." या दोन्हींतलं खरं कोणतं ते मला सांगता येत नाही. दोन्ही थोडं थोडं असेल.

आणि आता मारुती पेंटर. त्यांच्याशिवाय अण्णांची गोष्ट पुरी होत नाही.

मारुती ज्ञानू लोहार हे सिनेमाचे बॅनर रंगवायचे. एका टॉकीजच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चालायचं. घराएवढं कापड, त्यावर शिडी, आणि शिडीवर बसून नायिकेच्या एकेका डोळ्यात डब्यानं रंग ओतणारे मारुतीमामा. जवळून बघितलं तर नाक कुठं नि ओठ कुठं कळायचं नाही. निळ्या, केशरी, हिरव्या रंगाचे नुसते फटकारे. रस्त्याच्या पलीकडं गेलं की ती बाई आपल्याकडं बघून हसायची. बॅनरच्या खाली ते झोकात सही करायचे, "मारुती पेंटर", आणि शेवटच्या अक्षराची रेघ शेपटीसारखी वर उडवायचे.

बॅनरचं काम नसलं की उरलेल्या कापडावर, उरलेल्या रंगानं ते आपली चित्रं काढायचे. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं बसलेल्या माणसांचे लाल चेहरे. गगनबावड्याच्या वाटेवर धुक्यात अर्धी दिसणारी एसटी. आणि एक दूध कट्ट्याचं चित्र: भर रस्त्यात म्हशी उभ्या आहेत, गवळी धार काढतोय, भोवती माणसं हातात पेले घेऊन थांबली आहेत, आणि दुकानातला पिवळा उजेड म्हशींच्या काळ्या पाठींवर ओल्यासारखा पडलाय. ते चित्र बघायला अण्णा शेडमधून उलटे चालत थेट रस्त्यावर गेले होते. एक रिक्षावाला शिव्या देऊन गेला. अण्णांना ऐकूच गेलं नाही. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "मारुती, तू पेंटर न्हवंस," ते म्हणाले, "तू चित्रकार हायस." असं मामांना त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून पुढं अण्णा जे सांगतील ते मामांनी ऐकलं.

अण्णांनी सांगितलं ते एवढंच, की बॅनरवर सही कर, तो धंदा आहे. पण या चित्रांवर करू नकोस. ही मोकळी राहू देत.

मामांच्या बायकोला, सुशीलाकाकींना, हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. त्या शेडमध्ये डबा घेऊन यायच्या. एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "अण्णा, बाजारात सोडायच्या म्हशीलासुदिक खूण असती. ह्यांच्या चित्राला का नगो?"

"वहिनी, म्हैस चोरीला जाती. चित्र कसं चोरीला जाईल? मारुतीसारखं काढणारा दुसरा हाय कोण?"

"ते तुमाला कळतंय. दुसऱ्याला कळाय नगो?"

"कळायला लावू की!" अण्णा म्हणाले. मामा शिडीवरून हसले. दूध कट्ट्याच्या चित्राबद्दल अण्णांनी दैनिकात लिहिलं, तेसुद्धा याच हट्टानं. लिहिलं होतं: "टॉकीजमागच्या शेडमध्ये बॅनर रंगवणाऱ्या एका माणसानं दूध कट्टा काढला आहे. शहरातल्या चित्रकारांनी रस्त्याच्या पलीकडं उभं राहून तो बघावा, आणि मग घरी जाऊन आपले ब्रश धुऊन ठेवावेत." खाली अण्णांचं नाव नाही. वर मामांचं नाव नाही.

त्याच सुमारास माझे वडील मला भेटायला आले. मी त्यांना शेड दाखवायला नेलं, तिथं अण्णा होतेच. दोघं लाकडी खोक्यांवर बसून चहा प्यायले. माझे वडील शेतमजुरी करतात. प्रौढांच्या वर्गात जाऊन ते सही शिकले. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी त्यांनी पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली, आणि गावी जाताना एसटीत सारखा हात उघडून बघत होते. बोटाला शाई नव्हती. ते त्यांना नवीन होतं.

अण्णा रंगात येऊन त्यांना सांगत होते, सही कशी वाईट, सहीमुळं माझं-तुझं कसं झालं, नावं पुसली तर माणूस कसा सुटा होईल. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कप खाली ठेवला. म्हणाले, "तुमचं बोलणं मोठं हाय, अण्णा. तुमी सही टाकून दिलासा. पर टाकायला ती पयली असाय लागती."

मामांनी शिडीवर ब्रश धरून ठेवला होता, त्यातून रंग ठिबकत होता. अण्णांनी आपला तो उजवा अंगठा मुठीत घेतला होता. मला वाटलं, आता ते वाद घालतील. ते नुसते "व्हय" म्हणाले. निघताना मामांकडं वळून काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ते पुन्हा अंगठा धरून चित्र बघत होते. माणसाला आपलं जन्माचं मत एका वाक्यासाठी सोडता येत नसावं.

त्यानंतर वर्षभरात मामा गेले. कावीळ झाली, अंगावर काढली, रंगाच्या वासानं जेवण जात नाही असं म्हणत राहिले. शहरात तेव्हा छापील फ्लेक्स यायला लागले होते. टॉकीजवाल्यांना शेडची जागा हवी होती. सुशीलाकाकींचं घर एका खोलीचं, एवढी कापडं ठेवणार कुठं? ओळखीचा एक फ्रेमवाला होता, त्याच्या माळ्यावर त्यांनी ती गुंडाळून ठेवायला दिली. अण्णांनीच सोबत जाऊन दिली. "तुमी काळजी करू नका, वहिनी. ही चित्रं मी जपीन," असं ते तेव्हा म्हणाले. मला पॅरिसचा कारकून आठवला. अण्णांनाही आठवला असणार.

मी बी.ए. होऊन एम.ए.ला लागलो होतो. एक दिवस अण्णा आणि मी स्टेशन रोडनं चाललो होतो. एक नवीन हॉटेल उघडलं होतं, पुढं मोठी काच. अण्णा चालता चालता थांबले. काचेच्या आत, काउंटरच्या मागच्या भिंतीवर, सोनेरी फ्रेममध्ये दूध कट्टा होता. रस्त्याच्या या कडेवरून तो इतका सुरेख दिसत होता, की क्षणभर मला आनंदच झाला. अण्णांचा हात आपोआप लांब झाला, डोळा मिटला, अंगठा कोपऱ्याकडं गेला. आणि तिथंच राहिला. झाकायला त्या कोपऱ्यात काही नव्हतंच.

आम्ही आत गेलो. फ्रेमखाली पितळी पाटी होती. तिच्यावर शहरातल्या एका थोर, दिवंगत चित्रकाराचं नाव होतं आणि खाली "तरुणपणीचं काम" असं कोरलेलं होतं. फ्रेमवाल्यानं चित्र विकलं होतं. सही नसलेलं चित्र. ज्याचं नाव चालतं त्याचं लावलं.

"हे मारुती लोहारचं हाय," अण्णा इतक्या मोठ्यानं म्हणाले, की जेवणारी माणसं वळून बघायला लागली.

मॅनेजर सभ्य होता. "कोण मारुती लोहार?"

"बॅनर रंगवायचा. टॉकीजच्या मागं."

"बॅनरवाल्यानं काढलंय हे? काहीतरीच काय! कशावरनं म्हणताय?"

"मी सांगतोय की! ह्याच्यावर मी लिहिलंय, छापून आलंय."

"मग आणा की दाखवायला."

दुसऱ्या दिवशी अण्णा ते कात्रण घेऊन गेले. मी बरोबर होतो. मॅनेजरनं ते काउंटरवर पसरलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्याला खरोखरच उमगत नव्हतं अशा आवाजात म्हणाला, "यात मारुती लोहार कुठाय? आणि हे तुमी लिहिलंय म्हणताय, मग तुमचं नाव कुठाय?"

अण्णांनी कात्रण घडी घालून खिशात ठेवलं. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला विसरता आला तर बरं होईल.

मग अण्णा शहरातल्या चित्रकारांच्या दारोदार गेले. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं चार ओळींत सोलून काढलं होतं, त्यांच्याच. एकानं तर आम्हाला बसवलं, चहा दिला, आणि हसत हसत सांगितलं, "अण्णा, आम्ही कसं सांगणार हे कुणाचं? नाव बघू नका, नुसतं चित्र बघा, असं तुम्हीच शिकवलंत न्हवं? आम्ही नुसतं चित्र बघतोय. छान आहे." दुसरे एक जण खरंच हळहळले, पण म्हणाले, त्या थोर माणसाच्या घरच्यांशी वाईटपणा कोण घेणार? फ्रेमवाला तर सरळ उलटला. माझ्याकडं अशी कापडं ढिगानं येतात, कुठलं कुणाचं मी काय जाणे, म्हणाला. माळ्यावर बाकीची चित्रं नव्हती. ती कुठं गेली ते त्यानं सांगितलं नाही. गुऱ्हाळाचे लाल चेहरे आणि धुक्यातली एसटी मी त्यानंतर कधीही बघितली नाही.

काकींना हे सांगायला अण्णा गेले तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि थापणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "हॉटेलात लई माणसं येत्यात न्हवं? बघत्यात न्हवं चित्र? मग तुमच्या म्हणण्यापरमानं ते आता समद्यांचं झालं की, अण्णा." त्यांच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. हॉटेलातल्या एका वेटरनं सांगितलेलं आहे. अण्णा दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, एकटे आले. चहा मागवला, प्यायला, पैसे दिले. मग उठून काउंटरच्या आत गेले. खिशातून ब्रश काढला, मामांचाच, आणि रंगाची लहान डबी. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात लिहायला लागले. त्यांना ब्रश धरता येत नव्हता. आयुष्यभर चित्रांवर लिहिलेल्या माणसानं रेघ कधी ओढलेली नव्हती. "मारुती" कसंबसं झालं. "पेंटर" मधला "र" लिहून त्याची शेपटी वर उडवायला गेले, तेवढ्यात वॉचमननं हात धरला. रेघ म्हशीच्या पायावरून घसरत गेली.

त्यांना चौकीत नेलं. दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान आणि खोटी सही. सह्या पुसायला निघालेला माणूस खोटी सही केली म्हणून धरला गेला, आणि ती सही तेवढी खरी होती. कचेरीतून निलंबन झालं. चहाच्या गाड्यावर त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही, असं शिपाई सांगत होता. हॉटेलमालकानं पुढं तक्रार मागं घेतली, पण त्याआधी फ्रेमवाल्याला बोलावून तो कोपरा पुसून घेतला. आणि पुन्हा असला घोळ नको म्हणून तिथं त्या थोर चित्रकाराची सही करवून घेतली. म्हणजे आधी नुसती पाटी होती, काढता येण्यासारखी. आता चित्रातच नाव बसलं.

मी ते जाऊन बघितलं. रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो, हात लांब केला, अंगठा धरला. अंगठ्याखाली ते नाव झाकलं जात होतं. पण हात किती वेळ लांब धरणार?

अण्णांनी नोकरी सोडली आणि ते मलकापूरला बहिणीकडं राहायला गेले. दैनिकात चार ओळी यायच्या बंद झाल्या. तिथं वधू-वरांची चौकट सुरू झाली. मी एकदाच त्यांना भेटायला गेलो. रत्नागिरी रस्त्याला लागून घर, मागं ओढा. खोलीत कॉट, पाण्याचा तांब्या, भिंती कोऱ्या. एकही चित्र नव्हतं. फार वाळले होते. मी परीक्षेचं, नोकरीच्या अर्जांचं काहीबाही बोलत राहिलो. ते खिडकीतून जाणाऱ्या गाड्या बघत होते.

मधेच म्हणाले, "त्या पॅरिसच्या कारकुनानं मित्राची चित्रं जपली. माझ्याच्यानं झालं न्हाय."

मी म्हणालो, "अण्णा, तुमचा हेतू…"

"हेतू ऱ्हाऊ दे, पावणं. तुमचं वडील त्या दिवशी शेडमधी बोलले. मला तवाच कळालतं. मारुतीला तिथंच सांगायला पायजे हुतं, कर बाबा सही. तोंडातनं निघालं न्हाय." थोड्या वेळानं विचारलं, "वडील बरं हायत?"

"आहेत."

"सही करत्यात?"

"करतात."

त्यांनी मान हलवली. मी निघायला उठलो, चपला घातल्या, तेव्हा ते दारापर्यंत आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "पावणं, तुमचं नाव काय ओ?"

मी सांगितलं. माझं, वडिलांचं आणि आडनाव. ते आडनाव सांगताना माझा आवाज नेहमी थोडा खाली जातो, तेव्हाही गेला असेल. त्यांनी ते तिन्ही शब्द मोठ्यानं पुन्हा म्हटले, हळूहळू, जशी कचेरीत उताऱ्यावरची नावं वाचत असतील तशी. मग म्हणाले, "ध्यानात ठेवतो."

त्यांचं नाव मी विचारलं नाही. विचारावंसं ओठांवर आलं होतं. पण आमच्याकडं थोरांना तोंडावर नाव विचारत नाहीत, तो उद्धटपणा होतो. एसटी आली, मी चढलो.

यानंतर कित्येक महिन्यांनी सुशीलाकाकी मला रस्त्यात भेटल्या. त्या आता एका शाळेत मुलांची खिचडी शिजवायला जातात. मला बघून थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाल्या, "अण्णांचं कळालं न्हवं?"

"काय?"

"गेलं की. म्हयना झाला. त्यांच्या हापिसातला शिपाई सांगत हुता."

मला खरं वाटेना. मी म्हणालो, "काकी, मी रोज पेपर वाचतो. कुठं आलं नाही."

"आलतं म्हणं. त्येंच्याच पेपरात आलतं."

मी तसाच वाचनालयात गेलो आणि महिन्याभराच्या अंकांची चळत काढून बसलो. मलकापूर या गावाच्या नावावरून सापडलं. ते पान मी त्या दिवशी वाचलेलं होतं. त्याच पानावर विद्यापीठाच्या परीक्षेचं वेळापत्रक होतं आणि ते मी उतरून घेतलं होतं. त्याच्या शेजारीच लहान अक्षरांत निधनवार्ता. तीन शब्दांचं एक पूर्ण नाव ठळक छापलेलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी कधी न ऐकलेलं. त्या दिवशी माझी नजर त्यावरून गेली होती आणि कुणीतरी अनोळखी गृहस्थ म्हणून पुढं सरकली होती. त्या दैनिकात त्यांनी इतकी वर्षं लिहिलं, त्याचा उल्लेख नव्हता.

मी त्या नावावर अंगठा ठेवला. मग बाकीचं वाचता आलं. माजी कारकून, मलकापूर. अल्पशा आजारानं. पश्चात एक बहीण आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी. ते उद्या होऊन महिना झाला होता.